भुरीचं कच्चं खाणं आणि माझा चुकलेला हिशेब

खाडीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. कुत्र्यांना कच्चं मांस घालण्याबद्दल इथे अधूनमधून कुणी ना कुणी विचारतं आणि दोन-चार प्रतिसादांत विषय मागे पडतो. मी यातून पोळलेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही माहीमला राहतो. २०२२ च्या पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये स्कूटरच्या कव्हराखाली एक पिल्लू सापडलं. दीडेक महिन्याचं असेल, भुऱ्या रंगाचं, पोट खपाटीला गेलेलं. तीच आमची भुरी. पहिले काही दिवस दूधभात, मग डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितलं. त्याच सुमारास मी कच्च्या आहाराबद्दल वाचलं आणि मनाला पटलं. कुत्रा मूळचा मांसाहारी, दात तसे, आतडं आखूड, मग पाकिटातले गोळे कशाला? मार्केटातून रोज बोनलेस चिकन आणायचं, धुवायचं, तुकडे करायचे आणि द्यायचे. हाड घशात अडकेल ही भीती होती म्हणून हाड कधीच दिलं नाही. कलेजी कधीतरी, चव म्हणून. ती अशी तुटून पडायची की मला वाटायचं, याहून चांगलं काय असणार.

साडेपाच महिन्यांची असताना ती जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबायला लागली. वर बघायची, एक पाय उचलायची, परत ठेवायची. मला वाटलं पावसामुळे पायरी निसरडी आहे. आठवड्याभरात उचलून घेतलं की कळवळायला लागली. मग एका रविवारी सोफ्यावरून उतरताना, उडीसुद्धा नाही, नुसती उतरताना ओरडली आणि मागचा डावा पाय टेकेना.

एक्स-रे स्क्रीनवर लावून डॉक्टरांनी मला जवळ बोलावलं. हाड खडूसारखं पांढरं दिसायला हवं आणि त्याच्याभोवतीचं मांस राखाडी. भुरीच्या एक्स-रेत दोन्ही जवळजवळ एकाच रंगाचं होतं. हाडाची बाहेरची भिंत म्हणजे पेन्सिलने ओढलेली बारीक रेघ. मांडीचं हाड मधोमध वाकून दुमडलं होतं, ओली फांदी दुमडते तसं. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "हिला काय घालता?" मी अभिमानाने सांगितलं, रोज ताजं चिकन. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी मला कागदावर हिशेब मांडून दाखवला.

शंभर ग्रॅम बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियम साधारण ११ ते १५ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २०० च्या आसपास. कुत्र्याला हवं असतं कॅल्शियम थोडं जास्त, फॉस्फरस थोडा कमी, म्हणजे सव्वास एक असं काहीतरी. मी देत होते एकास पंधरा. रक्तातलं कॅल्शियम कमी पडायला लागलं की मानेतल्या पॅराथायरॉईड ग्रंथी हाडांतून ते काढून रक्तात आणतात. म्हणजे माझं पिल्लू पोटभर जेवत होतं आणि स्वतःचीच हाडं झिजवत होतं.

सहा आठवडे तिला पिंजऱ्यात ठेवली, पिल्लांसाठीचं पाकिटातलं पूर्ण अन्न दिलं आणि दुसरं काहीही नाही. कॅल्शियमचं इंजेक्शनही डॉक्टरांनी दिलं नाही. म्हणाले, योग्य अन्न मिळालं की शरीर स्वतः भरून काढतं. आणि खरंच काढलं. वर्षाची होईपर्यंत हाडं नीट झाली. पाय किंचित बाकदार राहिला आहे, पण पळते.

पूर्ण वाढ झाल्यावर मी पुन्हा कच्च्याकडे वळले, पण या वेळी वजनकाटा घेऊन. आता ती १८ किलोची आहे. माझं स्पष्ट मत असं झालं आहे की कच्चं द्यायचं तर घरात हिशेबाची वही हवी. ते जमणार नसेल तर शिजवून द्या नाहीतर चांगलं पाकीट द्या, त्यात काहीही कमीपणा नाही. वाढत्या पिल्लाला तर घरच्या अंदाजाने कच्चं देऊच नका, हे मी हात जोडून सांगते.

बाकीच्यांनी आपापले अनुभव लिहा. मुंबईत मांसाशिवायचे अवयव, म्हणजे गुर्दा, तिल्ली वगैरे, कुठून, कसे मागता? आणि साठवता कसं?

एक_दादरकर

वाचून पोटात कालवलं. भुरीला खूप खूप प्रेम. १८ किलोला रोज नेमकं किती देता, तेही लिहा ना. आमचा बंड्या १५ किलोचा आहे.

खाडीकाठ

दादरकर, मोठ्या कुत्र्याला वजनाच्या दोन ते तीन टक्के, असा ठोकताळा आहे. भुरीला अडीच टक्के म्हणजे ४५० ग्रॅम. यात ८० टक्के मांस, १० टक्के हाड, ५ टक्के कलेजी आणि ५ टक्के दुसरा स्रवणारा अवयव, म्हणजे गुर्दा (मूत्रपिंड) किंवा तिल्ली (प्लीहा). ८०-१०-१० म्हणतात ते हेच.

मी सुरुवातीला गोंधळले होते ते हाडाच्या हिशेबात. १० टक्के हाड म्हणजे ४५ ग्रॅम निव्वळ हाड, ४५ ग्रॅमची मान नव्हे. कोंबडीच्या मानेत एकतृतीयांशाच्या थोडं वर हाड असतं. म्हणजे १२५ ग्रॅम माना घेतल्या की ४५ ग्रॅम हाड आणि ८० ग्रॅम मांस मिळतं. मग वरचं मांस २८० ग्रॅमच घ्यायचं. दिल (हृदय) आणि पेटा (कोंबडीचं जठर) हे दिसायला अवयव असले तरी हिशेबात मांसच. कलेजी २२ ग्रॅम, गुर्दा २२ ग्रॅम. कलेजी आवडते म्हणून वाढवू नका, त्यातलं अ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं आणि जास्त झालं की पुन्हा हाडांवरच येतं.

शी बघत जा. पांढरी, कोरडी, हाताने चुरेल अशी झाली तर हाड जास्त झालं. काळपट आणि सैल झाली तर अवयव जास्त. मी वहीत तेही लिहिते.

खाटीकआळी

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. माझ्या वडिलांचं कुर्ल्याला मटणाचं दुकान होतं, मी शाळा सुटल्यावर तिथेच असायचो.

सकाळी लवकर जा. देवनारच्या कत्तलखान्यातून माल पहाटे येतो आणि नऊनंतर वजडी, तिल्ली, गुर्दा हे सगळं हॉटेलवाल्यांकडे जातं. दुकानदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवा, "कुत्र्यासाठी पाहिजे." तिल्ली तर कित्येक ठिकाणी जवळजवळ फुकट मिळते, कारण माणसं फारशी घेत नाहीत. खिमा तयार घेऊ नका, समोर करून घ्या. यंत्रात आधीचा काय होता ते कळत नाही. मोठ्याचं हवं असेल तर म्हशीचं मिळतं. २०१५ च्या कायद्यानंतर बैलाचं महाराष्ट्रात बंद आहे, म्हैस-रेडा चालतो.

नळी देऊ नका. बकऱ्याच्या किंवा म्हशीच्या पायाची जाड नळी कुत्र्याच्या दाढेपेक्षा कडक असते. दाढेचा अख्खा पापुद्रा निघालेला मी बघितला आहे.

आणि एक गोष्ट, जी मी कधीच विसरणार नाही. वडील कलेजी ओंडक्यावर ठेवून सुरी लावायच्या आधी अंगठ्याने दाबून बघायचे. कधीकधी पांढरट, पाण्याने भरलेली फोड लागायची, लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी. फुप्फुसातही असायची. ते पूर्ण अवयव वेगळ्या डब्यात टाकायचे आणि त्या डब्याला दुकानाबाहेरच्या कुत्र्यांना तोंड लावू द्यायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "यातून कुत्र्याला होतं, आणि कुत्र्याकडून आपल्याला." वडील सातवी शिकलेले होते.

पशुवैद्य

खाटीकआळी, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. त्यांनी एकिनोकॉकस या जंताचं अख्खं चक्र एका वाक्यात सांगितलं. ती फोड म्हणजे हायडॅटिड सिस्ट. बकरी, मेंढी, म्हैस यांच्या कलेजीत आणि फुप्फुसात ती तयार होते. कुत्र्याने ती कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचे जंत होतात. कुत्रा निरोगीच दिसतो. पण त्याच्या शीतून अंडी बाहेर पडतात, केसांना लागतात, आणि माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशाच फोडी होतात. वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. म्हणून बकऱ्याचे किंवा म्हशीचे अवयव कच्चे देत असाल तर उणे १८ अंशांवर किमान दहा दिवस गोठवल्याशिवाय देऊ नका, आणि जंताच्या औषधात प्राझिक्वांटेल आहे ना, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. नेहमीच्या सगळ्याच गोळ्यांत ते नसतं.

गोठवल्याने जंत मरतात. साल्मोनेलासारखे जिवाणू मरत नाहीत, हे मात्र लोक विसरतात. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) २०१० ते २०१२ मध्ये प्राण्यांच्या कच्च्या अन्नाचे १९६ नमुने तपासले. १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस सापडला. ते कारखान्यातून पाकीटबंद होऊन आलेलं अन्न होतं. आपल्याकडे चिकन दुकानात उघड्यावर कापलं जातं, मग तुमच्या घरी येईपर्यंत मे महिन्याच्या उन्हातून येतं.

कँपिलोबॅक्टर या जिवाणूचंही सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गिलान-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे इतके रुग्ण आढळले, त्यांतल्या काहींच्या नमुन्यांत कँपिलोबॅक्टर जेजुनाय मिळाला होता. कुत्र्यांमध्येही तसाच एक आजार आहे, मागच्या पायांपासून शक्ती जायला लागते आणि वर सरकते. मेलबर्न विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात त्याचा संबंध कच्च्या चिकनशी, विशेषतः कोंबडीच्या मानांशी आढळला. बहुतेक कुत्री बरी होतात, पण महिनोन्‌महिने लागतात.

बर्ड फ्लूच्या बातम्या असतील तेव्हा कच्चं चिकन बंद म्हणजे बंद. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ ने गेले. संशय चिकनवरच होता.

माझा सल्ला शिजवून देण्याचा आहे. तरी जे कच्चंच देणार आहेत त्यांच्याशी मी भांडत नाही, मला त्यांच्या कुत्र्याला तपासायचं असतं आणि त्यांनी माझ्यापासून काही लपवू नये असं वाटतं.

जोगेश्वरीचा_वाघ

डॉक्टर, आदर ठेवून असहमत आहे. माझा लॅब (लॅब्राडोर) सहा वर्षं कच्च्यावर आहे. त्याआधी पाकिटावर होता तेव्हा पंजे चाटून चाटून लाल, कान सतत घाण, महिन्याला दोन चकरा दवाखान्यात. कच्चं सुरू केल्यावर दोन महिन्यांत खाज गेली. दात स्वच्छ. शीला वास नाही आणि आकारही अर्धा. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. पाकीट खपवणाऱ्यांचं ऐकून लोक घाबरतात याचं वाईट वाटतं.

पशुवैद्य

तुम्ही बघितलंत ते खरंच आहे, खाज गेली यावर मला शंका नाही. पण कशामुळे गेली हे बघू. आधीच्या पाकिटात काय होतं आणि आता तुम्ही कोणतं मांस देता?

जोगेश्वरीचा_वाघ

आधी चिकनचं पाकीट. आता मुख्यतः म्हशीचं आणि थोडी वजडी. चिकन देत नाही.

पशुवैद्य

मग चिकन सुटल्यामुळे गेली असण्याची शक्यता मोठी आहे. तेच म्हशीचं मांस शिजवून दिलं असतं तरी गेली असती, असं मला वाटतं. सहा वर्षं चांगली गेली याचा आनंद आहे. एकदा रक्त तपासून घ्या, आणि तुमच्या खाण्यात जस्त, आयोडीन, मँगनीज आणि ई जीवनसत्त्व कुठून येतं ते लिहून काढा. घरच्या जेवणात नेमकं हेच राहून जातं. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० कृती तपासल्या, त्यांतल्या ९५ टक्के कृतींत एक तरी आवश्यक घटक कमी होता. त्यांत पशुवैद्यांनी लिहिलेल्याही होत्या. म्हणजे आम्हीही चुकतो.

जोगेश्वरीचा_वाघ

हे मी कधी मोजलेलं नाही, मान्य करतो. या आठवड्यात रक्त तपासतो आणि इथे येऊन सांगतो.

तारलीवाली

माशाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून येते. ओमेगा-३ साठी तारली सगळ्यात उत्तम आणि स्वस्त, बांगडाही चालतो. पण कच्चा देऊ नका. काही माशांत थायामिनेज असतं, ते बी१ जीवनसत्त्व नष्ट करतं. उकळलं की तो प्रश्न राहत नाही. मी तारली नुसत्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकळते, मधला काटा ओढून काढते आणि आठवड्यातून दोनदा देते. सुकट, सुके बोंबील अजिबात नाही, त्यांत बऱ्याचदा मिठाचा मारा असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते तेव्हा ताजी तारली मिळत नाही, म्हणून मे महिन्यातच उकळून, काटे काढून, छोट्या डब्यांत गोठवून ठेवते.

नवी_आई

मी फक्त वाचायला आले होते, पण आता विचारल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे दोन वर्षांचा इंडी (देशी कुत्रा) आहे, वर्षभर कच्च्यावर. आणि आठ महिन्यांचं बाळ आहे, ते आता घरभर रांगतं. आमचा चिकू जेवला की तसाच जाऊन बाळाचे हात चाटतो. बाळ ते हात तोंडात घालतं. मी त्याचं भांडं साबणाने धुते, फरशी पुसते, पण चिकूचं तोंड कसं धुणार? खूप घाबरले आहे.

पशुवैद्य

ताई, घाबरू नका, पण आजपासून शिजवून द्या. लहान बाळ, गरोदर बाई, वयस्क माणूस, केमो किंवा डायलिसिस चालू असलेलं कुणी घरात असेल तर कच्चं नको, यात मी तडजोड करत नाही. निरोगी दिसणारं कुत्रंही शीतून साल्मोनेला टाकत असतं.

चिकू मोठा झालेला आहे म्हणून सोपं आहे. मांस बोनलेस घ्या आणि पूर्ण शिजवा. शिजवलेलं हाड कधीही नाही, ते टोकदार फुटतं आणि आतडं फाडतं. हाडाऐवजी अंड्याचं कवच. कवचं उकळून, कडक वाळवून मिक्सरमधून पिठासारखी बारीक करा. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. दिवसाला ४५० ग्रॅम मांस देत असाल तर अर्ध्या कवचाची पूड, म्हणजे सपाट अर्धा चमचा. बाकीच्या खनिजांसाठी तुमच्या डॉक्टरांकडून कुत्र्यांसाठीचं मिश्रण लिहून घ्या. ही कवचाची पूड पिल्लांना पुरत नाही, त्यांना फॉस्फरसही जास्त लागतो. वाढत्या पिल्लासाठी कृपया इथून प्रमाण उचलू नका.

नवी_आई

मनापासून धन्यवाद डॉक्टर. डीप फ्रीजमधल्या माना आमच्या वॉचमनकाकांना द्यायला काढल्या होत्या, ते रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालतात. देऊ का?

खाटीकआळी

ताई, तशा देऊ नका. रस्त्यावर पाच कुत्री एका मानेवर धावतात आणि न चावता गिळतात, भांडणं होतात ती वेगळीच. शिजवून, मांस सोडवून, भाताबरोबर द्यायला सांगा. हाडं टाकून द्या.

एक_दादरकर

साठवणीचं राहिलं. आमच्या सोसायटीत दुपारी कधीकधी तासभर वीज जाते. मांस फेकायचं का?

खाडीकाठ

डीप फ्रीज उघडला नाहीत तर तासाभरात काही होत नाही. मी रविवारी रात्री आठवड्याचं एकदम मोजून सात डब्यांत भरते, डब्यावर तारीख. रोज रात्री दुसऱ्या दिवशीचा डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवते, ओट्यावर कधीच नाही. कच्च्याचा पाट आणि सुरी वेगळी, लाल मुठीची. स्टीलचं भांडं, वीस मिनिटांत उचलायचं, संपलं असो वा नसो. पूर्वी मी चिकन नळाखाली धुवायचे, ते बंद केलं. त्या शिंतोड्यांनी अख्खा ओटा बरबटतो.

खाडीकाठ

तीन दिवसांनी पुन्हा लिहिते आहे, कारण हा धागा मी दुसऱ्यांना सांगायला काढला होता आणि शेवटी मलाच निर्णय घ्यावा लागला.

माझ्या सासूबाई अलिबागला असतात. ७६ वर्षांच्या आहेत. गेल्या महिन्यापासून त्यांचं डायलिसिस सुरू झालं आहे आणि पुढच्या आठवड्यापासून त्या कायमच्या आमच्याकडे येत आहेत. भुरीचा त्यांच्यावर इतका जीव आहे की त्या आल्या की ती जेवण अर्धवट सोडून त्यांच्या पायाशी जाते आणि त्यांचे तळवे चाटत बसते. त्यांनाही ते आवडतं, पाय मागे घेत नाहीत. डॉक्टरांचा वरचा प्रतिसाद वाचताना 'डायलिसिस' या शब्दाशी मी थांबले. दोन वर्षं मी भुरीच्या हाडांचा हिशेब मांडत होते, घरातल्या माणसांचा त्यात धरलाच नव्हता.

तेव्हा भुरी शिजवलेल्यावर येते आहे. एकदम न बदलता आठवडाभरात बदलायचं, म्हणून परवापासून एकचतुर्थांश शिजवलेलं मिसळते आहे. आमच्या डॉक्टरांशी बोलून ठरलेलं लिहिते, कुणाला उपयोग होईल: बोनलेस चिकन आणि म्हशीचं मांस आलटून पालटून, कलेजी २० ग्रॅम, मूठभर लाल भोपळा, थोडा मऊ भात, अर्ध्या कवचाची पूड, त्यांनी लिहून दिलेलं खनिजांचं मिश्रण, आणि आठवड्यातून दोनदा तारलीवाली म्हणते तशी तारली. दर पंधरा दिवसांनी वजन. तीन महिन्यांनी रक्त आणि एक एक्स-रे, जुन्या पायाचा.

पहिल्या दिवशी तिने भांड्यात नाक घातलं, शिजवलेले तुकडे ओठाने बाजूला सारले आणि कच्चे तेवढे खाल्ले. काल रात्री मी मांस उकडलेलं पाणी गाळून त्यावर ओतलं, कोमट असतानाच. सगळं संपवलं आणि भांडं सरकवत सरकवत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेलं.

उद्या सकाळी चाचांच्या दुकानात जाऊन सांगायचं आहे, माना ठेवू नका म्हणून.